गुत्तेदाराशी बोलताना लागणारे शब्द: पायापासून गच्चीपर्यंत काय मोजायचं

गुत्तं, म्हणजे बांधकामाचा ठेका, ठरवताना सगळ्यात आधी कानावर येतो तो ब्रास. वाळू, खडी, मुरूम, डबर यांचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. गिलाव्याच्या मजुरीत मात्र ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. करारात दोन्ही वेगवेगळे लिहून घ्या, वाद इथेच होतो. ट्रॉली आली की आतून लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा आणि गुणाकाराला 100 ने भागा. 10 × 5 × 2 फूट भरली तर एक ब्रास. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे तेवढ्याच जागेत खरा माल कमी बसतो.

सळई सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती मागितली की 12 मिलिमीटरची सळई येते. तिची 12 मीटर लांबी साधारण 10.66 किलो भरायला हवी. फारच कमी भरली तर सळई बारीक आहे.

पाया आणि जोतं

मराठवाड्यात घर बिघडतं ते बहुतेक काळ्या मातीमुळे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी वर-खाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग ही बहुतेक वेळा त्याचीच खूण असते. म्हणून खोली फुटांत ठरवू नका, कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा. खाली पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, आणि त्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया. काळी माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा उपाय आहे: निदान साडेतीन मीटर खोल खांब, ज्याच्या बुडाचा फुगवटा खांबाच्या अडीचपट रुंद असतो. त्यावरचा बीम जमिनीवर टेकवायचा नाही. खाली 80 मिलिमीटर पोकळी ठेवायची, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते.

जमिनीपासून घरातल्या फरशीपर्यंतचा भाग म्हणजे जोतं. त्यात खोदाईतून निघालेली काळी माती परत भरू देऊ नका. ती फुकट मिळते म्हणून भरली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलते. मुरूम 6 ते 8 इंचांच्या थरांनी टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. घराभोवती निदान तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली की पावसाचं पाणी पायाजवळ मुरत नाही.

भिंत आणि पट्ट्या

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली. बहुतेक घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर माळवदाची, म्हणजे लाकडावर मातीचा थर असलेल्या छताची, होती. 10 × 10 फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, साडेचार टनांच्या आसपास वजन. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारं काही नसलं की भिंत पोट फुगून फुटते आणि हे सगळं ओझं खाली येतं. दगडी भिंत बांधायचीच असेल तर दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीची पूर्ण जाडी धरणारा आरपार दगड हवाच. तो काँक्रीटचा ओतून घेतला तरी चालतो.

भिंतींवर भार पेलणाऱ्या घराला जोत्यावर, लिंटेलच्या पातळीवर आणि उतरतं छप्पर असेल तर छपराखाली काँक्रीटची सलग पट्टी फिरवा. लिंटेल म्हणजे दार-खिडकीवरची तुळई. फक्त उघाडावर तुकडा टाकून भागत नाही, ती चारी भिंतींवरून फिरली पाहिजे. पट्टीची जाडी निदान 75 मिलिमीटर, आत दोन सळया, 150 मिलिमीटरवर 6 मिलिमीटरच्या आडव्या कड्या. कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. कोपऱ्यात तोडली तर पट्टी करून उपयोग नाही. हा खर्च कुणी वाचवायला सांगितला तर अजिबात ऐकू नका.

कॉलम, बीम, स्लॅब

कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळलेली हवीत. काटकोनात सोडली तर हादऱ्यात उघडतात. सळईवर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर: फुटिंगला 50, कॉलमला 40, बीमला 25, स्लॅबला 20 मिलिमीटर. त्यासाठी कव्हर ब्लॉक, म्हणजे तेवढ्या जाडीचे ठोकळे, लावतात. खडीचा तुकडा सरकवून काम भागवलं तर सळई उघडी पडते आणि गंजते.

1 : 1½ : 3 (सिमेंट : वाळू : खडी) मालात सिमेंटच्या एका पोत्याला, म्हणजे सव्वा घनफुटाला, सुमारे 1.9 घनफूट वाळू आणि पावणेचार घनफूट खडी. पाणी 25 ते 28 लिटर, वाळू ओली असेल तर आणखी कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून जास्त पाणी ओततात, आणि तेच पाणी उडून गेल्यावर राहिलेल्या छिद्रांतून स्लॅब गळतो.

सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅब-बीम ओतायच्या साच्याचे, टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्यापुढे 14 दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 दिवस काढायचे नाहीत. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट असेल तर आणखी थांबा. एप्रिल-मेच्या उन्हात क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, 14 दिवस करा. टँकरचं पाणी असेल तर स्लॅबवर छोटी आळी करून पाणी साठवा आणि कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. नुसतं फवारण्यापेक्षा पाणी कमी लागतं आणि ओल टिकते. साधारण निकष असा: जे पाणी पिता येतं, तेच मालात वापरा. खारट बोअरचं वापरू नका.

गच्चीला पन्हाळीकडे 100 ला 1 उतार द्या. कठड्याच्या बुडाशी वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर कोपरा, करा, गळती तिथूनच सुरू होते. मग पन्हाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत पाहा. कुठे ओल दिसली तर आधी ती दुरुस्त करून घ्या, छताचा गिलावा त्यानंतरच.