मुंगीचं सोंग घेणारा कोळी शोधताना या चुका टाळा

साताऱ्याच्या आसपासच्या कुठल्याही माळावर मुंग्यांच्या रांगेजवळ थोडा वेळ बसलात, तर एखादी मुंगी वेगळी वागताना दिसेल. ती रांगेत शिरत नाही, तोंडात काही नेत नाही, समोरून मुंगी आली की वळसा घालून निघून जाते. तो बहुधा कोळी असतो. कोरिनिडी कुळातले काही कोळी असे मुंगीसारखे दिसतात. ते जाळं विणत नाहीत, दिवसा जमिनीवर धावून शिकार करतात आणि बहुतेक १ सेंमीपेक्षा लहान असतात. झुडपांत जाळी धुंडाळणाऱ्याला ते सापडणार कसे?

उभ्या उभ्या पाय मोजू नका

कोळ्याला आठ पाय, मुंगीला सहा, हे शाळेतच शिकलेलं असतं. पण हा कोळी थांबला की पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे थरथरवतो आणि जमिनीला टेकलेले सहाच उरतात. त्यामुळे खाली बसा आणि बाजूने पाहा. मुंगीच्या मिशा डोक्याच्या पुढून निघतात आणि मध्ये कोपरासारख्या वाकतात. कोळ्याचे उचललेले पाय मात्र बाकीच्या पायांच्याच ओळीत जोडलेले असतात. मुंगीचं डोकं आणि छाती वेगवेगळी दिसते, कोळ्याची एकसंध. इथेही फसायला होतं, कारण अनेकांच्या पोटावर पांढऱ्या केसांचे आडवे पट्टे असतात आणि लांबून तिथे बारीक कंबर असल्याचा भास होतो.

फोटो हलतोय? मग पाठलाग थांबवा. अंगावर सावली पडली की तो पाचोळ्यात शिरतो. सूर्याकडे पाठ करू नका, मोबाईल जमिनीलगत धरून स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि पाय घरी सावकाश मोजा.

मुंग्या खाण्यासाठीच हे सोंग, असं धरून चालू नका

काही कोळी मुंग्या खातातही, पण या रूपाचा मोठा फायदा जीव वाचवण्याचा आहे. मुंगी चावते, काही जातींच्या मुंग्या आम्ल फवारतात, शिवाय एकीला छेडलं की बाकीच्या धावून येतात. म्हणून अनेक शिकारी तिच्या वाटेला जात नाहीत. निरुपद्रवी जीवाने त्रासदायक जीवाचं रूप घेण्याचा हा प्रकार हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडला.

बोटाने उचलू नका

याच कुळातला, भारत आणि श्रीलंकेत आढळणारा सीनॉप्टिकस पल्चर हा कोळी वेल्व्हेट अँटची नक्कल करतो. नावात अँट असली तरी वेल्व्हेट अँट ही मुंगी नव्हे. ती केसाळ गांधीलमाशी असते, तिच्या मादीला पंख नसतात आणि तिचा डंख फार झोंबतो. हातात आलेला जीव नकलाकार की अस्सल, याची खात्री होईपर्यंत डंख बसलेला असतो. पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडाही यात गोवू नका, तो कोळ्यांचा दूरचा नातेवाईक आहे. पानांवर फिरणारा, पुढचे दोन डोळे मोठे असलेला मुंगीसारखा कोळी दिसला, तर तो मिर्माराक्ने, म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी असण्याची शक्यता जास्त.

दगड उलटा टाकून जाऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते पाहून फार वाईट वाटतं. या कोळ्यांपैकी कॅस्टियानेइरा वंशातल्या माद्या अंड्यांची चपटी, चकचकीत चकती बहुधा दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवतात. दगड उताणा राहिला की ती चकती थेट उन्हात येते, आणि त्या ओलाव्यात राहणारे विंचू, गोमी, मुंग्यांची पिल्लंही उघडी पडतात. दगड उचललाच, तर आधी त्याची बाजू नीट लक्षात ठेवा, खाली काही चिरडणार नाही हे पाहा आणि तो त्याच खोबणीत तसाच ठेवा. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे तर दगडाला हातच लावू नका. फुलांच्या हंगामात पायवाट सोडून आत गेलं की दुर्मीळ रोपं पायाखाली येतात. त्यापेक्षा गावाजवळची कच्ची वाट किंवा ओळखीच्या शेताचा बांध बरा, आणि तिथे मुंग्यांची पावडर टाकलेली नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.