गजकर्णासाठी तरोट्याच्या बियांचं तेल

रोवण्याच्या दिवसांत जांघेत, कमरेला गोल लाल चट्टा उठला, कड खवल्यांची आणि मधोमध साफ दिसली, की ते बहुधा गजकर्ण. ही बुरशी असते. चट्टा नवा आणि तळहाताहून लहान असेल तर तरोट्याचं तेल लावून पाहायला हरकत नाही. पावसाळ्यात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो तोच हा तरोटा, म्हणजे टाकळा. संस्कृतात त्याचं एक नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. त्याच्या बियांत क्रायसोफेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते बुरशीची वाढ रोखतं. पण घरच्या तेलाचा जोर दर खेपेला सारखा उतरत नाही, हे धरून चाला.

शेंगा वाळल्या की बिया काढून ठेवा. २० ग्रॅम बिया मिक्सरमध्ये बारीक करा. टरफल कडक असतं, अख्ख्या बिया तेलात टाकून काही उतरत नाही. भुकटी १०० मिली खोबरेल तेलात कालवून ते भांडं उकळत्या पाण्याच्या गंजात ४० मिनिटं ठेवा, अधूनमधून ढवळा. थेट चुलीवर ठेवलं तर भुकटी तळाला करपते. रात्रभर मुरवून फडक्यातून गाळा. थंडीत तेल गोठलं असेल तर आधी कोमट करा. बाटली पार कोरडी हवी, पाणी राहिलं की तेल कुबट होतं.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबा. आग झाली, पुरळ आलं तर सोडून द्या. नाहीतर जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून दिवसातून दोनदा लावा. बुरशी कडेला जिवंत असते, म्हणून चट्ट्याबाहेर दोन बोटं लावायचं. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. करदोरा काढा, त्याखाली ओल धरते. दुपट्टा, चड्डी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

बोटांमधल्या चिखल्यांना तेल लावू नका, ओल आतच राहते. तिथं कडुनिंबाच्या ताज्या काढ्यात १० मिनिटं पाय ठेवून बेचक्या कोरड्या करा. लसूण ठेचून बांधणं तर टाळाच, कातडी भाजते.

नखं, डोक्याची कातडी, लहान मूल, गरोदर बाई, साखरेचा आजार असलेला माणूस, किंवा दोन आठवड्यांत फरक नाही: सरळ आरोग्य केंद्रात जा. दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मात्र मनाने लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, अन् गजकर्ण पसरतच राहतं.