दुपारच्या तासाला आधी बिघाड, मग फळा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे या कारखान्यांच्या भागात अर्धा दिवस काम करून आयटीआयला येणारी मुलं दुपारच्या थिअरीला पेंगतात. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात हे करून बघा.

१. जिन्याच्या टू-वे स्विचचं (एकच दिवा वरून आणि खालून लावता-विझवता येतो ते) वायरिंग बोर्डावर मुद्दाम चुकवून ठेवा.

२. मुलांच्या जोड्या लावा. हातात मल्टिमीटर आणि कागद, वेळ १० मिनिटं. बिघाड कुठे आणि तसं का वाटतं, दोन्ही लिहायला सांगा. ‘का’ सोडू नका, नुसतं उत्तर शेजारच्याचं बघून लिहिलं जातं.

३. मग त्याच बोर्डावरून धडा घ्या. मागच्या बाकावरच्यांना आधी बोलू द्या. कामावर हेच हाताळणारा एखादा तिथे हमखास असतो.

बोर्डाचा सप्लाय मात्र पूर्ण तोडलेला हवा. कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग जोडलेली आहे का, हे मल्टिमीटरने तपासायला तो लागत नाही.