जॅस्पर वणवा: ‘नॉन-रिफंडेबल’ हॉटेलचे पैसे असे परत मिळाले

22 जुलै 2024 च्या रात्री वणव्यामुळे कॅनडातलं जॅस्पर हे पर्यटकांचं गाव रिकामं करायचा आदेश निघाला. आमचं बुकिंग त्याच आठवड्यातलं. बुकिंगची साइट म्हणे हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणे साइटला. डोकं फिरायची वेळ आली.

बुकिंग स्वतःहून अजिबात रद्द करू नका, ‘ग्राहकाने रद्द केलं’ अशी नोंद पडते. आधी सरकारी आदेशाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. मग हॉटेलला मेल: “या तारखांना खोली देऊ शकता का? हो की नाही, एवढंच लेखी कळवा.” ‘नाही’ आलं. सगळी खरी ताकद त्या एका शब्दात. तो मेल, आदेश आणि पावती साइटला एकत्र पाठवली. तरीही नकार आला, तेव्हा तीच कागदपत्रं क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे. तक्रारीचं कारण ‘सेवा मिळाली नाही’. पूर्ण रक्कम जमा झाली.