फोर्थ ॲक्सिस: दोन्ही बाजूंचे होल मधोमध जुळत नसतील तर

शिरोली एमआयडीसीतलं काम, सीएनसी मिलिंग मशीनवर फोर्थ ॲक्सिस, म्हणजे जॉब फिरवणारी रोटरी, लावलेली. व्हॉल्व्ह बॉडीला शून्य अंशाला एक होल, १८० ला समोरून दुसरं, आणि मध्ये ०.१२ मिमीची पायरी. बॅकलॅश (गिअरमधली ढिलाई) तपासला, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) परत लावला, ड्रिल बदललं. डोकं उठलं नुसतं.

दोष वाय शून्यात, म्हणजे प्रोग्रॅम जिथून वाय मोजतो त्या बिंदूत. तो रोटरी सेंटरपासून (फिरण्याच्या अक्षापासून) ०.०६ सरकलेला, १८० फिरवल्यावर दुप्पट दिसतो.

चकमध्ये चौकोनी ब्लॉक धरा, डायलने त्याची उभी बाजू झेडला समांतर करा, ब्रेक लावा. एज फाइंडरने (कड शोधायच्या टूलने) ती बाजू टेकवून मशीन वाय लिहा: समजा −२१२.३४०. झेड वर, ब्रेक सोडून १८० फिरवा, ब्रेक लावा. तीच बाजू आता पलीकडून टेकवा: −२५२.४६०. बेरजेचा निम्मा, −२३२.४००, जी५४ (वर्क ऑफसेट) च्या वायमध्ये भरा. एज फाइंडरची त्रिज्या मिळवू नका, ती आपोआप कटते. दोन्ही कोनांवर रोटरी एकाच दिशेने आणा, म्हणजे बॅकलॅश मध्ये येत नाही. कास्टिंगच्या कडेवरून वाय काढणं बंदच करा. ती कड कधीच सरळ नसते.