हवेच्या गनवर काम शिकताना

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रक-वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा मला विजेच्या ग्राइंडरची धास्ती वाटत असे आणि कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गनची मुळीच वाटत नसे. विजेचा धक्का बसतो हे लहानपणापासून ठाऊक असते. हवेने इजा होते हे मात्र घरी कोणी सांगत नाही. माझ्या उस्तादांनीही पहिल्या दिवशी "हवाच तं आहे, घाबरतो काऊन?" एवढेच बोलून नट-बोल्ट सोडवायची इम्पॅक्ट गन हाती दिली होती. आता हिंगणा एमआयडीसीत माझ्या हाताखाली दरवर्षी नवी मुले येतात आणि त्यांच्याही चेहऱ्यावर मला तोच निर्धास्तपणा दिसतो. म्हणून त्यांना जे सांगतो, ते येथे लिहून ठेवत आहे.

कॉम्प्रेसरच्या गेजवर ७ बार दिसतात, याचा अर्थ टाकीच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ किलोचा भार आहे. टाकीचे टोकाकडचे झाकण ४० सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर त्या एकट्या झाकणावर आतून जवळजवळ ८,८०० किलोचा रेटा असतो. पाण्याने भरलेल्या टाकीला चीर गेली तर पाणी गळते आणि दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र फुगत जाते आणि जाताना पत्रा फाडून नेते. घरच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेच्या लाइनला लावणारे जुगाडू लोक आपल्याकडे कमी नाहीत, पण तो पाइप फुटला की त्याच्या धारदार कपच्या चहूकडे उडतात, त्यामुळे अशा ठिकाणी काम करण्याची वेळ आलीच तर मालकाला तो बदलायला सांगण्यात संकोच करू नये.

माझा स्वतःचा अपघात टाकीमुळे झाला नाही, होजमुळे, म्हणजे हवेच्या रबरी नळीमुळे झाला. दुपारच्या जेवणाआधी गन बदलायची होती, मी भिंतीवरचा कॉक बंद केला आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून होज आणि गन जोडणाऱ्या कपलरची कडी मागे ओढली. कॉकपासून गनपर्यंतच्या दहा मीटर होजमध्ये पूर्ण दाबाची हवा कोंडलेली होती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. होजचे टोक पितळी कपलरसकट उसळले आणि भुवईवर बसले. दोन टाके पडले. बोटभर खाली लागले असते तर डोळाच गेला असता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कॉक बंद करायचा, मग अवजाराचे तोंड जमिनीकडे धरून ट्रिगर दाबायचा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवायचा, आणि त्यानंतरच कपलरला हात लावायचा. सॉकेट किंवा डिस्क बदलतानासुद्धा हेच करावे, कारण ट्रिगरला कोपर लागायला वेळ लागत नाही. घाईत होजला मुरड घालून हवा अडवण्याची सवय अनेक जुन्या मिस्त्रींना असते. उस्तादांचा मान ठेवावा, पण त्यांची ही सवय घेऊ नये. जाड होजच्या जोडांवर तारेची सुरक्षा-दोरी बांधलेली असते, ती जोड निसटल्यावर होजला सापासारखी फटकारू देत नाही; ती आडवी येते म्हणून कोणी सोडून ठेवली असेल, तर पुन्हा बांधून घ्यावी. नागपूरच्या उन्हाचाही येथे संबंध आहे. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि एरवीचा मे महिनाही फार मागे नसतो. अशा उन्हात अंगणात पडून राहिलेल्या रबरी होजला वाकवून पाहिले की केसासारख्या भेगा दिसतात. तशी होज चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये, बदलावी.

इम्पॅक्ट गनला नटावर बसणारे काळे, जाड भिंतीचे इम्पॅक्ट सॉकेटच लावावे. हातपान्याचे चकचकीत क्रोमचे सॉकेट सारखे हादरे सोसण्यासाठी बनवलेले नसते. ते कडक असल्याने तडकते आणि त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो. मुले काळे सॉकेट सापडले नाही म्हणून जवळचे चकचकीत उचलतात, आणि अपघात त्याच क्षणी व्हायचा असतो. हवेच्या ग्राइंडरची गोष्ट थोडी वेगळी आहे. डिस्कवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. १०० मिलिमीटरच्या, सेकंदाला ८० मीटर या वेगाच्या डिस्कवर तो मिनिटाला साधारण १५,२०० फेऱ्यांचा असतो. अवजाराचा वेग त्याच्या खालीच हवा. बहुतेक हवेची अवजारे ६.३ बारवर चालतील अशी बनवलेली असतात, आणि जास्त जोर यावा म्हणून दाब ठरवणारा रेग्युलेटर पिळला की डिस्कचा वेग नकळत वाढतो. त्यामुळे रेग्युलेटरचा गेज वाचल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नये.

आता ज्याची मला सर्वांत जास्त चीड येते ते सांगतो. सुटी झाल्यावर कपड्यांवरची धूळ ब्लो गनने, म्हणजे हवेचा झोत मारायच्या गनने उडवणे, आणि त्याहून वाईट म्हणजे मित्राच्या अंगावर थट्टेने हवा सोडणे. जखमेतून किंवा शरीराच्या कोणत्याही द्वारातून शिरलेली हवा आतडे फाडू शकते, रक्तात गेली तर जीव घेऊ शकते, आणि अशा थट्टेत आपल्या देशात कामगार दगावलेले आहेत. यंत्र साफ करण्यासाठीही अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनी ३० पीएसआयपेक्षा (सुमारे २ बारपेक्षा) कमी दाबाची मर्यादा घातली आहे, म्हणजे आपल्या लाइनच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अंगासाठी ब्रश पुरतो. गॉगल मात्र गन उचलण्याआधी डोळ्यांवर असावा.

पावसाळ्यात टाकीत पाणी फार साचते. आषाढ-श्रावणात मी रोज संध्याकाळी खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढतो, कारण ते राहिले तर टाकी आतून गंजून पातळ होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाखालील संयंत्रांसाठी ३१ वे कलम स्वतंत्र ठेवले गेले, ते उगाच नव्हे. सेफ्टी व्हॉल्व्ह कोणी बांधून किंवा बुच मारून बंद केलेला दिसला, तर त्या कॉम्प्रेसरजवळ उभेसुद्धा राहू नये.

कानांत प्लग घालण्यात संकोच वाटतो, पण गनच्या आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. थरथरीचे दुखणे त्याहून हळू येते. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या हातोड्यांनी चुनखडी घडवणाऱ्या कामगारांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक आणि बधिर पडत असल्याचे त्यांना आढळले. आमच्याकडे डिसेंबरमध्ये सकाळी दुचाकीवरून येताना असा बधिरपणा आला, तर मुले तो थंडीचाच समजतात. एका हाताची ठरावीक बोटे वारंवार पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांना थरथरणाऱ्या अवजाराचे काम करतो हे आवर्जून सांगावे आणि गनची पाळी कमी करून मागावी. हाताच्या कातडीखाली हवा शिरली असेल, तर भोक टाचणीएवढे दिसले आणि दुखणे कमी वाटले तरी घरी जाऊ नये. हात फुगतो, दाबल्यावर कुरकुरतो. १०८ ला फोन करावा किंवा थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, आणि तेथे "लागले" एवढेच न सांगता, हवा किती दाबाची होती आणि तिच्यासोबत तेल किंवा रंग होता का, हे सांगावे.