कोडे मुलांसमोर कसे ठेवावे

विद्यार्थ्याला कोडे द्यायचे तर ते सोडवण्याचे सूत्र त्याला आधी सांगू नये. सूत्र शिकवून लगेच दिलेले उदाहरण हा सराव असतो. त्याचीही गरज आहे, पण त्यात 'आता काय करू?' हा प्रश्न मुलाला पडत नाही, आणि कोड्याचे सारे मोल त्या प्रश्नात आहे.

चांगल्या कोड्यासाठी खानदेशाला दूर जावे लागत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे, आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती' या गणितग्रंथातील भुंग्यांचे कोडे आजही सहावीच्या वर्गात चालते. थव्यातील एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोन संख्यांतील फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती?

येथे लगेच फळ्यावर 'क्ष' मांडण्याचा मोह होतो. माझ्या मते क्ष शेवटी यावा. आधी विचारावे, की अर्धा भुंगा फुलावर जाईल का? जाणार नाही, म्हणून संख्येला ५ आणि ३ या दोहोंनी भाग गेलाच पाहिजे, म्हणजे ती १५, ३०, ४५ अशांपैकीच असणार. १५ घेतले तर ३, ५ आणि ६ मिळून १४ होतात व एक उरतो. उत्तर मिळाले तरी थांबू नये, ३० आणि ४५ घेऊन पाहायला लावावे. तेव्हा अनुक्रमे दोन आणि तीन उरतात, आणि दर वेळी पंधरावा हिस्सा का उरतो हे शोधताना मुले अपूर्णांकांच्या बेरजेपर्यंत स्वतःहून पोहोचतात.

आकड्यांविना तर्काची कोडी घरातल्या वस्तूंवर बांधावीत. कळण्याची भाकरी खाणाऱ्या मुलाला ज्वारी-उडदाचे मिश्रण समजावून सांगावे लागत नाही. तीन बंद पोत्यांपैकी एकात ज्वारी, एकात उडीद आणि एकात दोन्हींचे मिश्रण आहे. तिन्हींवरच्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. एकाच पोत्यातून एकच दाणा काढून तिन्ही पोती ओळखायची आहेत. मूल 'ज्वारी' लिहिलेल्या पोत्याकडे वळले, तर त्याला चूक न म्हणता 'त्यातून उडीद निघाला तर काय नक्की कळले?' एवढेच विचारावे. उडीद तर मिश्रणातूनही निघू शकतो. 'मिश्रण' लिहिलेल्या पोत्यात मात्र मिश्रण नाहीच, त्यामुळे त्यातला एक दाणा पुरतो: ज्वारी निघाली तर ते पोते ज्वारीचे, 'उडीद' लिहिलेले मिश्रणाचे आणि उरलेले उडदाचे.

मूल अडले तर लगेच उत्तर देऊ नये. लहान आकडा घेऊन पाहायला किंवा आकृती काढायला सांगावे. पुढच्या तासासाठी 'लीलावती'तलाच बांबू द्यावा: ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला?